शिनिगामी म्हणजे जपानी यमदूतच का? (लेकाने विचारलेला प्रश्न)

जाई_जुई
मंडळी, प्रश्न छोटा आहे पण आधी थोडं सांगावं लागेल, तेवढं वाचा.

माझ्या सासूबाई जानेवारीत गेल्या. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, तो रोज आजीच्याच खोलीत झोपायचा. गेल्या वर्षभरापासून त्याला जपानी अ‍ॅनिमेचं वेड लागलंय आणि त्यातल्या एका मालिकेत शिनिगामी आहेत, म्हणजे माणूस मेला की त्याचा आत्मा न्यायला येणारे. पण ते राक्षसबिक्षस नाहीत, परलोकात चक्क नोकरीला आहेत, त्यांची खाती आहेत, वरिष्ठ आहेत, कोणाला कधी आणायचं याच्या याद्या आहेत, कामावर उशिरा आलं की बोलणी खातात. मी पण त्याच्याबरोबर दोनचार भाग बघितले, खरं सांगायचं तर आवडले.

परवा जेवताना त्याने एकदम विचारलं, "आई, आजीला न्यायला शिनिगामी आला होता का यमदूत? का ज्याच्या त्याच्या देशाचे वेगळे असतात?" नवऱ्याचा घास हातातच राहिला. मी म्हटलं, बघून सांगते.

तर मला विचारायचंय की हे शिनिगामी जपानी लोक खरंच मानतात का, का कॉमिकवाल्यांनी बनवलेत? आपल्या यमाशी त्यांचं काही नातं आहे का? त्याला काहीतरी थातुरमातुर सांगून गप्प करायचं नाहीये मला.

खडीसाखर
जाई, सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे पण तीच मालिका चालू असते, लेक चौदाची आहे. मी वाचतेय, जाणकार येतीलच.

बाराखडी
शब्दाची फोड अशी. शि म्हणजे मृत्यू, कामी म्हणजे देव, जोडताना कामीचं गामी होतं. मृत्यूचा देव. चार या आकड्याचा एक उच्चारही शि असाच आहे, म्हणून तिकडे पुष्कळ हॉस्पिटलांत चार नंबरची खोली ठेवत नाहीत.

माझ्या मते हा आपला यमच आहे. बौद्ध धर्माबरोबर इथून चीनला गेला, तिथून जपानला, आणि नंतर युरोपातल्या त्या कोयतावाल्या सांगाड्याची भर पडली. बाकी सगळी कॉमिकची करामत. मुलाला सांगून टाका, यमच तो, नाव तेवढं वेगळं.

क्योतोकर
बाराखडी, अर्धं बरोबर आहे पण अर्धं नाही. नऊ वर्षं झाली इथे क्योतोला राहतोय म्हणून लिहायचं धाडस करतो.

आपला यम जपानमध्ये आहे आणि चांगला ठळकपणे आहे, पण त्याचं नाव एन्मा. यमराज या शब्दाचं चिनीत यानलुओ झालं आणि जपानीत एन्मा. लालबुंद चेहरा, डोळे वटारलेले, डोक्यावर चिनी न्यायाधीशासारखा मुकुट. इथल्या आज्या नातवंडांना सांगतात, खोटं बोललास तर एन्मा जीभ उपटेल.

पण एन्मा कोणाला न्यायला येत नाही! तो कोर्टात बसतो. मेलेल्याचा प्रवास ४९ दिवसांचा आणि दर सातव्या दिवशी एका न्यायाधीशापुढे सुनावणी. असे एकूण दहा राजे आहेत, एन्मा त्यातला पाचवा, म्हणजे पस्तिसाव्या दिवशी त्याच्यापुढे उभं राहायचं. त्याच्याकडे एक स्फटिकाचा आरसा असतो, त्यात तुम्ही आयुष्यभर काय काय केलं ते दिसतं, म्हणून तिथे थापा चालत नाहीत. एकोणपन्नासाव्या दिवशी पुढचा जन्म ठरतो. उरलेले तीन राजे शंभराव्या दिवशी, वर्षश्राद्धाला आणि त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे अपिलाचीही सोय आहे. हे दहा राजांचं प्रकरण चीनमध्ये तयार झालं. जिवंतपणी जशी कचेरी, दप्तर, शिक्के, कारकून, तसंच मेल्यावर. तुमच्या मुलाला परलोकात जे ऑफिस दिसतंय ना, त्याचं मूळ हे आहे, कॉमिकवाल्यांनी आकाशातून नाही पाडलं.

आमची घरमालकीण वारली तेव्हा तिचा मुलगा दर सातव्या दिवशी देवघरापुढे बसायचा. मी विचारलं कशासाठी, तर म्हणाला, "आज आईची तारीख आहे, मी इथून तिची बाजू मांडतो." त्या दिवशी मला माझ्या वडिलांचं दहाव्याचं पिंडदान आठवलं आणि मी बराच वेळ तिथेच बसलो.

गोदाकाठ
वा! पण मग चित्रगुप्त? यम तिकडे गेला आणि हिशोबनीस इथेच राहिला?

क्योतोकर
@गोदाकाठ, तिथे एन्माच्या दोन्ही बाजूंना दोन कारकून असतात, शिरोकू आणि शिमेई. एक वाचून दाखवतो, एक लिहून घेतो. इथल्या एन्माच्या देवळांत त्यांच्या मूर्ती बघायला मिळतात, हातात लाकडी पाटी आणि ब्रश.

अजून एक गंमत. तांत्रिक बौद्ध पंथाच्या चित्रांत यमाचं जे जुनं रूप आहे, एन्मातेन, तो रेड्यावर बसलेला असतो आणि दक्षिण दिशा सांभाळतो. पहिल्यांदा ते चित्र बघितलं तेव्हा मी मोठ्याने "अरे हा तर आपला!" म्हणालो, शेजारच्या आजीबाई दचकल्या.

खडीसाखर
रेडा पण तोच, दिशा पण तीच! आम्ही धनत्रयोदशीला दक्षिणेला तोंड करून यमदीप लावतो तेच ना हे.

गोदाकाठ
चित्रगुप्ताच्या जागी दोन माणसं भरली म्हणजे तिकडे कामाचा ताण जास्त दिसतोय :)

पडदा_उघडा
मी नाटकवाली आहे त्यामुळे माझी गाडी त्याच रुळावर जाणार. शिनिगामी म्हटलं की मला राकुगो आठवतो. राकुगो म्हणजे एकटा कलाकार उशीवर गुडघे मोडून बसतो, हातात एक पंखा आणि एक रुमाल, आणि सगळी पात्रं बसल्या जागी उभी करतो. मान डावीकडे वळवली की एक माणूस, उजवीकडे वळवली की दुसरा. त्यात 'शिनिगामी' याच नावाची एक प्रसिद्ध कथा आहे, सान्यूतेई एन्चो (१८३९-१९००) या थोर कलाकाराची.

कथा अशी. एक माणूस कर्जात बुडालाय, बायकोने घराबाहेर काढलंय, जीव द्यायला निघालाय. तेव्हा एक म्हातारा भेटतो, म्हणतो मी शिनिगामी, तुझं मरण अजून लांब आहे, तुला धंदा शिकवतो, वैद्य हो. आजाऱ्याच्या पायाशी शिनिगामी बसलेला दिसला तर मंत्र म्हण आणि दोन टाळ्या वाजव, तो निघून जाईल, माणूस बरा होईल. पण उशाशी बसलेला दिसला तर हात लावू नकोस, तो आमचा. माणूस वैद्य होतो, गडगंज होतो, सगळं उधळतो, पुन्हा भिकेला लागतो आणि आता जिथे जाईल तिथे शिनिगामी उशाशीच! शेवटी एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरी मोठी रक्कम देऊ करतात आणि याला लोभ सुटतो. पहाटे शिनिगामीला डुलकी लागलेली बघून हा चार माणसांना अंथरुणाचे चार कोपरे धरायला लावतो आणि गर्रकन फिरवतो. उशाचं पायथ्याशी! मंत्र म्हणतो, टाळ्या वाजवतो, आजारी उठून बसतो.

मग तोच पहिला शिनिगामी त्याला एका गुहेत नेतो. गुहाभर मेणबत्त्या. एकेक मेणबत्ती म्हणजे एकेका माणसाचं आयुष्य. एक अगदी विझायला आलेली असते. ही कोणाची? तुझी. तू पैशापायी त्या व्यापाऱ्याशी अदलाबदल केलीस. हा पाया पडतो, रडतो. तेव्हा शिनिगामी एक अर्धवट मेणबत्ती हातात देतो, ज्योत हिच्यावर घेता आली तर वाचशील. हात थरथरतोय, थरथरतोय, "विझतेय... विझतेय..." आणि कलाकार बसल्या जागी पुढे कोसळतो. संपलं. पडदा.

रेकॉर्डिंग बघितलंय मी, भाषेचा एक शब्द कळत नव्हता तरी अंगावर काटा आला होता. वेगवेगळे कलाकार शेवट वेगवेगळा करतात, कोणी ज्योत लागल्यावर शिंकतं आणि स्वतःच विझवतं, तर कोणी माणसाला वाचवतंसुद्धा.

बाराखडी
पडदा_उघडा, ही तर ग्रिम बंधूंची गोष्ट! मृत्यू हा धर्मपिता होतो, वैद्यकी शिकवतो, गुहेतले दिवे, सगळं तेच. म्हणजे मी म्हणत होतो ते बरोबर, शिनिगामी युरोपातूनच आला.

पडदा_उघडा
हो, एन्चोने युरोपातली कथा ऐकून ती जपानी केली असंच मानतात. कोणी ग्रिमचं नाव घेतं, कोणी एका इटालियन ऑपेराचं. पण फरक बघा ना! ग्रिमच्या गोष्टीत मृत्यू उशाशी उभा असेल तर माणूस वाचतो आणि पायाशी असेल तर जातो. एन्चोने बरोबर उलटं केलं. का केलं असेल यावर मी किती दिवस विचार केलाय. जपानी घरात मेलेल्या माणसाचं डोकं उत्तरेला करून त्याच्या उशाशी अगरबत्ती आणि भाताचा वाडगा ठेवतात, जवळची माणसं उशाशी बसतात. तिथल्या माणसाला मरण उशाशी बसलेलं लगेच पटणार. हा माझा अंदाज आहे हं, पण रंगमंचावर काम करणाऱ्याला असल्या जागा कळतात.

जुनी_वही
मला बाराखडींशी वाद घालायचाय. गोष्ट युरोपातली असेल पण शब्द नाही. एन्चोच्या दीडशे वर्षं आधी, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, ओसाकामध्ये चिकामात्सु मोन्झाएमोन (१६५३-१७२५) कठपुतळ्यांच्या रंगमंचासाठी नाटकं लिहीत होता. त्यातली काही एकत्र जीव देणाऱ्या प्रेमिकांची, आणि त्यांत शिनिगामी हा शब्द येतो. एका नाटकात नायक कागदाचा व्यापारी आहे. जपानीत देवालाही कामी म्हणतात आणि कागदालाही कामी, त्यावर चिकामात्सुने श्लेष केलाय, की कळतही नाही आणि शिनिगामी याला ओढून नेतोय. ही नाटकं बघून एवढी जोडपी जीव द्यायला लागली की १७२३ मध्ये सरकारने ती बंद केली.

आता लक्षात घ्या, हा शिनिगामी न्यायला येणारा नोकर नाही. ही एक ओढ आहे. १८४१ साली भुताखेतांचं एक सचित्र पुस्तक छापलं गेलं, चित्रं ताकेहारा शुन्सेनची, त्यात शिनिगामीचं चित्र आहे आणि वर मजकूर आहे. सारांश असा की जिथे एखादा माणूस वाईट विचार मनात धरून मेला तिथे ती दुष्ट वासना राहते, आणि त्याच मनःस्थितीतला दुसरा कोणी तिथून गेला की त्याला धरते, म्हणून एकाच जागी पुन्हा पुन्हा माणसं जीव देतात. कोकणात म्हणतात ना, अमक्या विहिरीवर बाधा आहे, ती माणसं मागते, तसं.

म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. एक एन्माची कचेरी, हिशोबाची, न्यायाची. दुसरा शिनिगामी, अंगात शिरणारा, मरायला लावणारा. आजच्या मालिकांनी दोघांची सांगड घातली, शिनिगामीला उचलून कचेरीत नोकरीला लावलं. मला ते वाईट वाटत नाही, उलट त्या भयंकर गोष्टीला त्यांनी कामाला जुंपलं याचं बरं वाटतं.

बाराखडी
जुनी_वही, हे मला माहीत नव्हतं. शब्द युरोपातला नाही, मान्य. यमच तो, हेही मागे घेतो. धन्यवाद.

सातारी_कंदी
सगळं छान चाललंय पण एक स्पष्ट बोलतो, राग मानू नका. अकरा वर्षांच्या पोराला मरण, नरक, जीभ उपटणं, जीव देणं हे सगळं कशाला? आमच्या वेळी आजी देवाघरी गेली एवढं सांगायचे, आकाशातली चांदणी दाखवायचे, संपला विषय. ताई, तुम्ही ती मालिका आधी बंद करा.

खडीसाखर
दादा, प्रश्न त्याने विचारलाय, त्याच्या डोक्यात तो आधीच आहे. मालिका बंद केली तर प्रश्न कुठे जाणार?

सातारी_कंदी
तेही खरंच. मी माझा अनुभव सांगतो मग, कदाचित त्यामुळे तसं बोललो असेन. मी नऊ वर्षांचा असताना माझा काका विहिरीत पडून गेला. मला कोणी काहीच सांगितलं नाही. दोन वर्षं मी रात्री दाराकडे तोंड करून झोपायचो, की जो काकाला न्यायला आला तो परत येईल. चांदणी दाखवली होती मला. मी त्या चांदणीलाच भ्यायचो. आता लिहिताना वाटतंय की कोणीतरी बसून नीट बोलायला पाहिजे होतं. ताई, तुम्ही बोला त्याच्याशी.

जाई_जुई
@सातारी_कंदी दादा, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. बाकी सगळ्यांचं पण वाचतेय, वहीत उतरवून घेतेय, लेक शेजारी बसून विचारतोय की त्या नाटकातला मंत्र कोणता.

पडदा_उघडा
त्याला सांगा, "अजाराकामोकुरेन" अशी सुरुवात होते, मधला भाग प्रत्येक कलाकार आपल्या मनाने बदलतो आणि शेवटी "तेकेरेत्सु नो पा". अर्थ काहीच नाही. दोन टाळ्या विसरू नको म्हणावं.

ऊसाचा_रस
धागा गंभीर झालाय म्हणून खाण्यावर येतो. तीन वर्षं तोक्योत होतो. तिथे बुन्क्यो भागात गेनकाकुजी नावाचं देऊळ आहे, तिथल्या एन्माला लोक कोन्न्याकू वाहतात. कोन्न्याकू म्हणजे एका कंदाची करडी, लिबलिबीत वडी, सुरणाच्या भावकीतला कंद. गोष्ट अशी की एका म्हातारीचे डोळे अधू झाले, तिने एन्माची मनापासून भक्ती केली, तर एन्मा स्वप्नात आला आणि म्हणाला माझा एक डोळा तुला देतो. तिला दिसायला लागलं, आणि देवळात जाऊन बघते तर मूर्तीचा उजवा डोळा फुटलेला. मग तिने आपला सगळ्यात आवडता पदार्थ कायमचा सोडला आणि तो देवाला वाहायला लागली. आपल्याकडे काशीला जाऊन आवडती भाजी सोडतात ना, अगदी तसं! मूर्तीचा तो डोळा आजही तसाच आहे, मी बघितलाय. मरणाच्या न्यायाधीशाने म्हातारीला डोळा काढून दिला, हे मला त्या सगळ्या जीभ उपटण्यापेक्षा जास्त आठवतं.

गोदाकाठ
आणि वैतरणी? ती आहे का तिकडे?

ऊसाचा_रस
आहे की, सान्झु नदी. पुण्यवान पुलावरून जातात, मधले उथळ पाण्यातून, पापी खोल धारेतून. काठावर एक म्हातारी बसलेली असते, दात्सुएबा, ती आल्यागेल्याचे कपडे उतरवते, तिचा म्हातारा ते झाडाच्या फांदीवर टांगतो, फांदी जेवढी वाकेल तेवढं पाप. नदी ओलांडायला सहा नाणी लागतात म्हणून शवपेटीत सहा नाणी ठेवायचे, आता धातूची नाणी जाळता येत नाहीत म्हणून कागदावर छापलेली ठेवतात. आपल्याकडे गाईचं शेपूट धरून जातात, तिकडे तिकीट काढून.

क्योतोकर
नोकरीचा विषय निघालाय तर ओनो नो ताकामुराबद्दल सांगायलाच पाहिजे. परलोकात नोकरी करणारा हा सगळ्यात जुना जपानी माणूस म्हणता येईल, आणि हा खराखुरा होऊन गेलेला. ८०२ ते ८५३, दरबारातला मोठा अधिकारी, विद्वान, कवी. चीनच्या दूतमंडळाबरोबर जायला नकार दिला म्हणून बादशहाने ८३८ मध्ये ओकी बेटावर हद्दपार केलं, नंतर परत बोलावलं. आता दंतकथा. दिवसा बादशहाच्या दरबारात आणि रात्री एन्माच्या दरबारात, दोन्हीकडे हजेरी. जायची वाट म्हणजे क्योतोतल्या रोकुदो चिन्नोजी देवळामागची विहीर. त्या विहिरीत उतरायचा, पहाटे शहराच्या दुसऱ्या टोकाला सागा भागातल्या दुसऱ्या विहिरीतून वर यायचा.

त्याची एक गोष्ट फार सुंदर आहे. विद्यार्थी असताना ताकामुरावर काहीतरी आळ आला होता, तेव्हा योशिमी नावाच्या एका सरदाराने त्याची बाजू घेतली. पुढे वर्षांनी योशिमी मंत्री झाला, आजारी पडला, वारला. दूत त्याला ओढत एन्मापुढे घेऊन गेले आणि बघतो तर न्यायाधीशाच्या शेजारी ताकामुरा बसलाय! ताकामुरा पुढे झाला आणि एन्माला म्हणाला, हा सरळ माणूस आहे, माझ्यासाठी याला सोडा. योशिमी जिवंत झाला. नंतर दरबारात गाठ पडली तेव्हा त्याने हळूच विचारलं, ते काय होतं? ताकामुरा म्हणाला, तुमचे उपकार फेडले, कोणाला बोलू नका.

ती विहीर आजही आहे, भिंतीच्या फटीतून बघू देतात. ऑगस्टमध्ये ७ ते १० तारखेला लोक आपल्या पितरांना बोलवायला तिथे येतात. तिथली घंटा कोनाड्यात बंद असते, दिसतच नाही, बाहेर फक्त दोरी. आपण घंटा वाजवताना ढकलतो तशी नाही, दोरी आपल्याकडे ओढायची, कारण पितरांना ओढून आणायचंय. आवाज जमिनीखालून आल्यासारखा येतो. रांगेत दीड तास उभा होतो, पुढच्या बाईने दोरी ओढली आणि हळूच कोणाचं तरी नाव घेतलं. मी पण बाबांचं घेतलं. इतक्या लांबून त्यांना ऐकू गेलं असेल का, कोण जाणे, पण मी घेतलं.

खडीसाखर
क्योतोकर, डोळे भरून आले.

गोदाकाठ
त्या नोकरांना सुट्टी असते का हो? चित्रगुप्ताला तर कधी ऐकली नाही.

जुनी_वही
असते! वर्षातून दोनदा, पहिल्या आणि सातव्या महिन्याच्या १६ तारखेला. त्या दिवशी नरकातल्या काहिलीचं झाकण उघडं ठेवतात, राक्षसांनाही आराम आणि पाप्यांनाही. जुन्या काळी दुकानात राबणाऱ्या पोरांनाही त्याच दोन दिवशी सुट्टी मिळायची, मालक नवे कपडे देऊन घरी पाठवायचा. नऊदहा वर्षांची ती पोरं, आईकडे जायला वर्षातून दोन दिवस, आणि सुट्टी कशाची तर नरकात आज काम बंद आहे म्हणून. हे वाचलं तेव्हा मला आमच्या आजोबांच्या भावाची आठवण झाली, मुंबईत पेढीवर कामाला होता, गणपतीला आणि शिमग्याला तेवढा घरी यायचा.

रात्रपाळी
मी नर्स आहे, सव्वीस वर्षं झाली, त्यातली निम्मीअधिक आयसीयूमध्ये आणि रात्रीच्या ड्यूटीवर. हा धागा दोन रात्री वाचतेय, लिहू की नको करत होते.

उशाशी का पायाशी, यावर तुमची चर्चा झाली ना. माझ्या किती पेशंटनी शेवटच्या दोनचार दिवसांत मला विचारलंय, "सिस्टर, ते पायाशी कोण उभंय?" डॉक्टर सांगतात की ऑक्सिजन कमी पडतो, औषधांचा परिणाम असतो, आणि ते बरोबर असेल, मी वाद घालत नाही. पण एक गोष्ट सांगते. मी दरवेळी विचारते, कोण दिसतंय? यमदूत कोणी म्हटलेलं माझ्या ऐकण्यात नाही. रेडा नाही, काळा माणूस नाही. आई दिसते. गेलेला नवरा दिसतो. एका आजोबांना त्यांचा लहानपणीचा बैल दिसला होता, नाव घेऊन हाक मारत होते. आणि बहुतेक वेळा ते घाबरलेले नसतात, आम्हीच घाबरलेले असतो.

जाई, मुलाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, मला फक्त हे कळवायचं होतं.

क्योतोकर
रात्रपाळी, तुमचं वाचून उठलो आणि बाहेर चक्कर मारून आलो. जपानीत याला शब्दच आहे, ओमुकाए. शब्दशः अर्थ घ्यायला येणं. पाहुण्याला स्टेशनवर घ्यायला जातात, मुलाला शाळेतून आणायला जातात, त्यालाही हाच शब्द. इथले म्हातारे लोक सहज म्हणतात, "माझं ओमुकाए अजून येत नाही बाई." शिनिगामी येईल असं बोलताना मी कोणा म्हाताऱ्याला ऐकलेलं नाही.

आणि त्याची चित्रं आहेत. अमिदा बुद्ध पंचवीस बोधिसत्त्वांना घेऊन ढगावरून येतोय, वाद्यं वाजवत, आणि खाली एका घरात मरणारा माणूस हात जोडून बसलाय. दहा येनच्या नाण्यावर उजीचं ब्योदोइन देऊळ आहे ना, त्याच्या १०५३ सालच्या मंडपाच्या दारांवर आत हीच चित्रं होती. मरणाऱ्याच्या हातात पाचरंगी दोरा द्यायचे, त्याचं दुसरं टोक मूर्तीच्या हाताला बांधलेलं. म्हणजे हिशोबाचं खातं वेगळं आणि घ्यायला येणारे वेगळे. आपल्याकडे तुकोबांना न्यायला विमान आलं म्हणतो आपण, ते चित्र डोळ्यापुढे आणा.

पडदा_उघडा
आणि आपली बायामाणसं म्हणतात, "बोलावणं आलं." बोलावणारा कोण ते म्हणत नाहीत.

जाई_जुई
मंडळी, काल रात्री बोलले त्याच्याशी. सगळं सांगितलं, एन्मा, रेडा, दोन कारकून, विहिरीतून कामावर जाणारा ताकामुरा, डोळा देणारा एन्मा. मेणबत्तीची गोष्ट पण सांगितली, अंथरूण फिरवायच्या जागी तो इतका हसला की सासरे बाहेरच्या खोलीतून आले. ते पण येऊन बसले.

मग मी रात्रपाळींचं लिहिणं वाचून दाखवलं, जसंच्या तसं. थोडा वेळ कोणीच बोललं नाही. आणि तो म्हणाला, "आजी रात्री बेबीशी बोलायची." सासऱ्यांनी चमकून वर बघितलं. बेबी म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण, सात वर्षांची असताना तापाने गेली. मी तिचं नाव लग्नानंतर फारतर दोनदा ऐकलंय. मुलाला तर आम्ही कधी काही सांगितलेलंच नव्हतं. शेवटच्या आठवड्यात आजी अंधारात म्हणायची म्हणे, "बेबी, थांब गं, चप्पल घालते." हा शेजारच्या पलंगावर जागा असायचा. त्याला वाटायचं आजी स्वप्नात बोलतेय, म्हणून त्याने कोणाला सांगितलं नाही. चार महिने हे त्याच्या पोटात होतं, आणि आम्ही समजत होतो त्याला मालिकेमुळे प्रश्न पडतायत.

सासरे उठून कपाटातून एक फोटो घेऊन आले, दोन वेण्या घातलेली दोन मुलींची जोडी. नंतर तिघं त्याच खोलीत झोपले, ते दोघं आणि नवरा, गाद्या घालून.

सकाळी त्याने एकच विचारलं, की धनत्रयोदशीला यमासाठी लावतो तो दिवा एकच का, बेबीसाठी दुसरा लावता येईल का. मी म्हटलं लावू. चालतं ना हो? कोणाच्या घरी दोन लावतात का?

रात्रपाळी
लावा. आमच्याकडे तेरा लावतात.

सातारी_कंदी
आमच्याकडे कणकेचा असतो, हळद घालून. विकतचा नका आणू ताई, त्याच्याच हातून करून घ्या.